रुग्णवाहिकेतला केसपेपर

१८ जुलै २०२३ रोजी दक्षिण इंग्लंडमधल्या दोन रुग्णवाहिका सेवांना पुन्हा कागद-पेन हाती घ्यावं लागलं. साउथ वेस्टर्न आणि साउथ सेंट्रल या त्या सेवा. कॉर्नवॉल-डेव्हनच्या किनाऱ्यापासून ऑक्सफर्डशर-हॅम्पशरपर्यंत पसरलेल्या सुमारे १ कोटी २० लाख लोकांची जबाबदारी त्यांच्यावर आहे. गाडीत बसून रुग्णाची नोंद ज्या इलेक्ट्रॉनिक प्रणालीत केली जायची, ती ऑर्टिव्हस या स्वीडिश कंपनीची. ती ज्या डेटा सेंटरमधून चालायची, तिथेच सायबर हल्ला झाला आणि नोंदी दिसेनाशा झाल्या. कोणत्याही रुग्णावर थेट परिणाम झालेला नाही, असं कंपनीने जाहीर केलं. गाड्या धावत राहिल्या, ऑक्सिजन लागत राहिला. पण पडद्यावर बोट फिरवून काम करायची सवय झालेल्या माणसांना छापील फॉर्मवर नाव, नाडी, रक्तदाब हाताने लिहिणं भाग पडलं.

रुग्णवाहिका म्हटलं की आपल्याला सायरन आठवतो, लाल-निळे दिवे आठवतात. त्या गाडीत एक माणूस लिहीतही असतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. एका हाताने सलाइनची बाटली धरायची, दुसऱ्याने मनगट पकडून नाडी मोजायची, नातेवाइकाला धीर द्यायचा, पायलटला रस्ता सांगायचा आणि हे सगळं चालू असताना लिहायचं. आपल्याकडे १०८ या आपत्कालीन क्रमांकाच्या गाडीवर चालकाला पायलट म्हणतात आणि या लिखाणाला पीसीआर, म्हणजे रुग्णसेवेचा अहवाल. तो कागदावरून टॅबवर नेण्याची धडपड जगभर गेली २०-२५ वर्षं चालू आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया पुढे गेले आहेत. आपणही त्याच वाटेवर आहोत. वरवर पाहता ही कार्यालयीन सुधारणा वाटते. माझ्या मते हा रुग्णाच्या जिवाशी थेट जोडलेला प्रश्न आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

कागदी अहवालाची रचना बहुतेक देशांत सारखीच होती. कार्बन लावलेला फॉर्म, दोन किंवा तीन प्रती. एक रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत द्यायची, एक कार्यालयात जमा करायची. खालच्या प्रतीवर अक्षर पुसट उमटायचं, आणि अनेकदा नेमकी तीच प्रत रुग्णालयाच्या वाट्याला यायची. पावसात कागद भिजायचा. धावत्या गाडीत लिहिलेलं अक्षर लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी लागायचं नाही. म्हणून अनुभवी माणसं आधी हातमोज्यावर लिहितात, किंवा पॅन्टच्या मांडीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर: रक्तदाब इतका, नाडी इतकी, इंजेक्शन अमुक वाजता. फॉर्म मागाहून, सवड मिळाल्यावर भरला जातो. ही सवय जगभरच्या रुग्णवाहिकांत आहे आणि टॅब आल्यावरही ती गेलेली नाही. ज्याला टॅबचा कार्यक्रम तयार करायचा आहे, त्याने आधी हा हातमोजा पाहावा. त्यावर जे चार आकडे आणि दोन वेळा लिहिलेल्या असतात, तोच खरा अहवाल. बाकीचे रकाने त्याच्याभोवतीचे.

*

रस्त्यावर केलेली नोंद इतकी महत्त्वाची का, याची उत्तरं इतिहासात आहेत.

१९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यू आणि अपंगत्वावर एक अहवाल काढला. आदल्या वर्षी त्या देशात अपघातांनी १ लाख ७ हजार माणसं गेली होती. देशातली जवळजवळ निम्मी रुग्णवाहिका सेवा त्या वेळी अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे लोक चालवत होते, कारण माणूस आडवा झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असायची. रुग्णाला वाटेत काय झालं, काय दिलं, याची धड नोंद कुठेच नव्हती. १९७३ साली तिथे आपत्कालीन वैद्यकीय सेवांचा कायदा झाला आणि चांगल्या सेवेचे जे १५ घटक त्यात सांगितले, त्यांत रुग्णांच्या सुसूत्र नोंदी हाही एक होता. म्हणजे गाडी, माणसं, बिनतारी यंत्रणा यांच्या पंक्तीत नोंदीला बसवलं गेलं. तरी पुढे प्रत्येक राज्य, प्रत्येक शहर आपापल्या फॉर्मवर आपापल्या पद्धतीने लिहीत राहिलं. १९९० च्या दशकात ८१ बाबींची एक समान यादी तयार झाली. त्यातून पुढे नेमसिस ही राष्ट्रीय माहिती व्यवस्था उभी राहिली, तिचं तांत्रिक केंद्र युटा विद्यापीठात आहे. २०२२ या एका वर्षात तिच्याकडे ५ कोटींहून अधिक नोंदी जमा झाल्या. अफूजन्य औषधांच्या अतिसेवनाने अमेरिकेत जी माणसं रस्त्यावर, घरात कोसळतात, त्यांतली वाचलेली किती आणि कुठल्या जिल्ह्यात, हे तिथल्या सरकारला आता याच नोंदींवरून दिसतं. रुग्णालयात न गेलेला, गाडीतच शुद्धीवर येऊन घरी परतलेला रुग्ण दुसऱ्या कुठल्याच दप्तरात सापडत नाही.

दुसरं उदाहरण अ‍ॅड्रेनलिनचं. हृदय बंद पडलेल्या माणसाला अ‍ॅड्रेनलिन द्यायचं, ही प्रथा कित्येक दशकं चालत आलेली. त्याने खरंच फायदा होतो का, हे ब्रिटनमधल्या पाच रुग्णवाहिका सेवांनी २०१४ ते २०१७ या काळात ८,०१४ रुग्णांवर तपासून पाहिलं. सुरुवातीला जिचा उल्लेख केला ती साउथ सेंट्रल सेवा त्या पाचांपैकी एक. ३० दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण औषध मिळालेल्यांत ३.२ टक्के आणि न मिळालेल्यांत २.४ टक्के निघालं. पण वाचलेल्यांपैकी मेंदूला गंभीर इजा झालेल्यांचं प्रमाण औषध मिळालेल्यांत ३१ टक्के, तर दुसऱ्या गटात १७.८ टक्के होतं. जीव वाचतो, पण कसा वाचतो, हा अस्वस्थ करणारा प्रश्न त्या आकड्यांनी डॉक्टरांपुढे ठेवला. घराच्या दिवाणखान्यात, पदपथावर गुडघे टेकून काम करणाऱ्या माणसांनी वेळच्या वेळी केलेल्या नोंदींशिवाय हे कळलं नसतं.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर १०८ च्याही आधीचं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. लाल विंचू चावलेली माणसं, मुलं त्या काळी कोकणात डोळ्यांदेखत दगावत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या: घाम कधी फुटला, उलटी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, छातीत पाणी कधी झालं. त्या नोंदी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत गेल्या. विंचवाचं विष हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर नेमका काय घाला घालतं, हे त्यातून उलगडलं आणि प्राझोसिन या औषधाचा मार्ग सापडला. मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या आरोग्य केंद्रात संगणक नव्हता. तिथे घड्याळ होतं, वही होती, आणि रात्रभर जागून लिहिणारा डॉक्टर होता. टॅब घेताना हे विसरून चालणार नाही.

*

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करतो, कारण इलेक्ट्रॉनिक नोंदीचा सगळ्यात मोठा फायदा मला तिथे दिसतो.

एका केसमध्ये निदान चार घड्याळं असतात. नियंत्रण कक्षाचं एक, गाडीतल्या मॉनिटरचं दुसरं, कर्मचाऱ्याच्या मनगटावरचं किंवा मोबाइलमधलं तिसरं, कॅज्युअल्टीच्या भिंतीवरचं चौथं. चारही जुळत नाहीत. मॉनिटर सहा मिनिटं पुढे असेल, तर गाडी पोहोचण्याआधीच रुग्णाला शॉक दिला, असं कागदावर दिसतं. हे हास्यास्पद वाटेल, पण उपचार वेळेत झाले की नाही, हे ठरवणारी वेळच अशाने डळमळीत होते.

आणि वेळेवर किती अवलंबून असतं! रक्तस्राव थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड घ्या. ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत २०,२११ अपघातग्रस्तांवर झालेल्या ‘क्रॅश-२’ या अभ्यासाने २०१० साली दाखवलं की या स्वस्त औषधाने जीव वाचतात. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांची फोड केल्यावर दिसलं की इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत, आणि त्यातही पहिल्या तासात दिलं तर फायदा. तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने मरण्याचा धोका उलट वाढतो. म्हणजे अपघात कधी झाला आणि गाडीत हे इंजेक्शन दिलं की नाही, या दोन गोष्टी सर्जनला ठाऊक नसतील तर तो चाचपडत राहतो. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं औषध द्यायला साधारण साडेचार तासांची मुदत असते, आणि ती मोजायची माणूस शेवटचा ठणठणीत दिसला त्या क्षणापासून. तो क्षण ठाऊक असतो घरच्यांना. घरच्यांना भेटतो रुग्णवाहिकेतला माणूस. न्यूरॉलॉजिस्ट रुग्णाला पाहतो तोपर्यंत घरचे बाहेर पैशांची जुळवाजुळव करत असतात.

चांगल्या प्रणालीत नियंत्रण कक्षातल्या वेळा आपोआप टॅबवर येतात, मॉनिटर ब्लूटूथने जोडलेला असतो, इसीजी आणि रक्तदाब थेट अहवालात उतरतात, आणि सगळ्यांना एकच घड्याळ लागू होतं. कर्मचाऱ्याचा हात तेवढा मोकळा राहतो. ही गोष्ट कागदाला कधीच साधणार नव्हती.

पण टॅबची स्वतःची दुखणी आहेत आणि ती बारकाईने पाहिली पाहिजेत. पहिलं दुखणं सक्तीच्या रकान्यांचं. रकाना भरल्याशिवाय अहवाल बंद होत नाही, मग थकलेला माणूस काहीतरी भरतो. श्वासाची गती हा त्यातला सगळ्यात बळी पडलेला आकडा. ती मोजायला छातीकडे बघत घड्याळ लावून थांबावं लागतं, म्हणून कुणी १६ टाकतं, कुणी २०. कागदावर रिकामी राहिलेली जागा निदान प्रामाणिक होती. ‘मोजलं नाही’ हे त्यातून कळायचं. नेमसिसने यावर विचार केला आहे. तिथे ‘लागू नाही’ आणि ‘नोंदवलं नाही’ हे वेगवेगळे पर्याय आहेत, आणि एखादी गोष्ट जाणूनबुजून केली नाही तर त्याचं कारणही नोंदवता येतं: रुग्णाने नकार दिला, औषधाची अ‍ॅलर्जी आहे, वगैरे. ही सोय नसलेली प्रणाली विकत घेऊ नये, इतकी ती मला महत्त्वाची वाटते.

दुसरं दुखणं यादीतून निवडण्याचं. बोटाच्या टोकाशी ३०-४० पर्याय दिले की माणूस वरच्या चार-पाचांतूनच निवडतो. आणि रुग्ण जे सांगतो ते यादीत नसतं. आपल्याकडे छातीत भरून आलंय, घाबरल्यासारखं होतंय, पाठीतून कळ येतेय, अशी तक्रार करणारा माणूस हृदयविकाराचा असू शकतो, मधुमेही बाई असेल तर नुसता दम आणि अशक्तपणा सांगते. यादीतून ‘अशक्तपणा’ निवडला की पुढची दिशाच बदलते. म्हणून रुग्णाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, मराठीत लिहायला किंवा बोलून नोंदवायला मोकळी जागा हवीच. तिसरं दुखणं आधीच्या केसमधला मजकूर उचलून नव्या केसला चिकटवण्याचं. असे दहा अहवाल एकत्र वाचले की दहाही रुग्ण ‘शुद्धीवर, प्रकृती स्थिर’ असतात.

*

बदल कसा करू नये, याचा धडा लंडनने तीन दशकांपूर्वीच घालून दिला. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडन रुग्णवाहिका सेवेने गाड्या पाठवण्याचं काम कागदी चिठ्ठ्यांवरून संगणकावर नेलं, तेही सगळ्या शहरात एकाच दिवशी. ती प्रणाली रुग्णाच्या अहवालाची नव्हती, कुठली गाडी कुठे पाठवायची हे ठरवण्याची होती, पण प्रश्न तोच होता. गाड्यांची ठिकाणं संगणकाला चुकीची कळू लागली, काही ठिकाणी दोन-दोन गाड्या गेल्या, काही फोन यादीत मागे पडून हरवले, लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागले आणि कक्ष आणखी तुंबला. सेवेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. ४ नोव्हेंबरच्या पहाटे उरलीसुरली प्रणालीही थांबली, कारण कार्यक्रमात राहून गेलेला एक छोटा तुकडा संगणकाची स्मृती थोडी थोडी खात गेला होता. सेवा कागदावर परतली.

पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल आला. तो आजही वाचनीय आहे. त्यात दिसतं की यंत्र पुरेसं तपासलं गेलं नव्हतं, हे खरं, पण त्याहून मोठा घोटाळा माणसांच्या बाबतीत होता. प्रशिक्षण फार आधी उरकलं होतं, प्रत्यक्ष दिवस उजाडेपर्यंत शिकलेलं विसरलं गेलं. कर्मचाऱ्यांचा व्यवस्थापनावर आणि व्यवस्थापनाचा कर्मचाऱ्यांवर विश्वास नव्हता. १९९६ साली लंडनने हेच काम पुन्हा केलं. या वेळी टप्प्याटप्प्याने, रोज वापरणाऱ्या माणसांना सोबत घेऊन. ते टिकलं.

वेल्सने अहवालासाठी आणखी एक मधला मार्ग काही वर्षं चालवला: डिजिटल पेन. बारीक ठिपक्यांच्या खास कागदावर नेहमीसारखं लिहायचं, पेनातला कॅमेरा अक्षर टिपतो, पेन खोबणीत ठेवलं की लिहिलेलं संगणकात उतरतं. माणसाची सवय मोडली नाही, कागदही हातात राहिला. नंतर तेही टॅबवर गेले. आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनी हा मधला मार्ग कमी लेखू नये.

*

आता महाराष्ट्राकडे येतो.

१०८ हा क्रमांक भारतात पहिल्यांदा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादमध्ये सुरू झाला. महाराष्ट्राची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ अत्याधुनिक जीवरक्षक सुविधांच्या आणि ७०४ मूलभूत सुविधांच्या. नियंत्रण कक्ष पुण्यात औंधला. इतर बहुतेक राज्यांत गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने गाडीवर डॉक्टर नेमला, बहुतेक ठिकाणी आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीचा पदवीधर, आपत्कालीन उपचारांचं प्रशिक्षण दिलेला. ही आपल्या राज्याची मोठी जमेची बाजू आहे. डॉक्टरने गाडीत केलेली नोंद ही वैद्यकीय नोंद असते, तिला वजन असतं.

पण ती नोंद कुणाच्या हाती पडते? ग्रामीण महाराष्ट्रातल्या गंभीर रुग्णाचा प्रवास कसा होतो ते बघा. शेतात साप चावला, गाव ते प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून ग्रामीण रुग्णालय. तिथे व्हेंटिलेटर नाही, म्हणून सिव्हिल. सिव्हिलमधून मेडिकल कॉलेज. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवा क्रमांक, नवा डॉक्टर, आणि प्रत्येक डॉक्टर पहिल्यापासून तेच प्रश्न विचारतो: कधी चावला, कुठे चावला, सर्पविषावरची लस किती दिली? भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली, असा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. लसीच्या पहिल्या दहा बाटल्या कुठे, किती वाजता संपल्या, हे पुढच्या ठिकाणी न कळणं म्हणजे रुग्ण पुन्हा पहिल्या पायरीवर. या प्रवासात रेफर चिठ्ठीवर चार ओळी असतात, त्याही घाईतल्या. सगळ्या टप्प्यांना जोडणारा एकच धागा असतो, ती रुग्णवाहिका. इलेक्ट्रॉनिक अहवालाची खरी गरज मला इथे दिसते. मुंबई-पुण्यात तो उपयोगी पडेल. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारच्या रुग्णाला तो जगवू शकेल.

तिथेच तो सगळ्यात अवघडही आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, भामरागडच्या जंगलात नेट मिळेलच असं नाही, म्हणून टॅब नेटशिवाय चालला पाहिजे आणि रेंज आल्यावर नोंद आपोआप पुढे गेली पाहिजे. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला साधा टॅब तापून बंद पडतो. रक्ताने माखलेल्या हातमोज्याला पडदा दाद देत नाही, आणि प्रत्येक रुग्णानंतर तो पडदा पुसून निर्जंतुक करावा लागतो. बेशुद्ध, एकट्या सापडलेल्या माणसाचं नाव नसतं, ओळखपत्र नसतं. ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०’ अशी नोंद करून पुढे जाता आलं पाहिजे. आभा हा आरोग्य ओळख क्रमांक किंवा मोबाइल नंबर टाकल्याशिवाय पान उलटतच नाही, अशी प्रणाली बनवणाऱ्याने महामार्गावरचा अपघात कधी जवळून पाहिलेला नाही.

गोव्याने हृदयविकाराच्या बाबतीत एक दिशा दाखवली आहे. ‘स्टेमी गोवा’ प्रकल्पात गावाकडच्या केंद्रात काढलेला इसीजी काही मिनिटांत तज्ज्ञाकडे जातो, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच दिलं जातं आणि मग रुग्ण बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात पोहोचतो. रुग्ण पोहोचण्याआधी त्याचा इसीजी तिथे पोहोचलेला असतो. अहवाल इलेक्ट्रॉनिक करण्याचा हेतू हाच असायला हवा, की माणसाच्या पुढे त्याची माहिती धावली पाहिजे. गाडीतली नोंद सर्व्हरवर सुखरूप पडून राहिली आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला ती रुग्ण गेल्यानंतर दिसली, तर कागदाच्या पुसट प्रतीपेक्षा त्यात काय सुधारलं?

*

ज्या एका गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती आता सांगतो.

रुग्णवाहिकेतल्या माणसाला आपल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे कळत नाही. त्याने रस्त्याकडेला श्वासनलिकेत नळी घातली, छाती दाबत १२ किलोमीटर नेलं, स्ट्रेचर कॅज्युअल्टीत सोडलं, सही घेतली, आणि पुढचा फोन आला. तो माणूस वाचला का? आपण ओळखलेला हृदयविकार खरंच हृदयविकार निघाला का? दिलेलं औषध बरोबर होतं का? वर्षानुवर्षं हजारो रुग्ण हाताखालून जातात आणि यातल्या फार थोड्यांचं उत्तर परत येतं. चूक झाली असेल तर ती समजत नाही, चांगलं केलं असेल तर तेही समजत नाही. जगातल्या दुसऱ्या कुठल्या वैद्यकीय कामात माणसाला इतकं अंधारात ठेवलं जात असेल असं मला वाटत नाही.

ही त्रुटी फक्त आपली नाही. अमेरिकेच्या नेमसिसमध्ये रुग्णाच्या अंतिम परिणामासाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि तोच विभाग बहुतेक वेळा रिकामा असतो, कारण रुग्णालय ती माहिती परत पाठवत नाही. जिथे मुद्दाम सांधा जोडला, तिथे चित्र पालटलं. १९९० साली नॉर्वेतल्या उटस्टाइन या जुन्या मठात या विषयातले तज्ज्ञ जमले आणि हृदय बंद पडलेल्या रुग्णाची नोंद सगळ्या जगाने एकाच पद्धतीने कशी करायची, हे त्यांनी ठरवलं. त्या नोंदीत हाही प्रश्न होता: रुग्ण घरी परतला का? जपानच्या अग्निशमन यंत्रणेने २००५ पासून देशभर तशी नोंद ठेवली. स्टेशनांवर, शाळांत ठेवलेली शॉक देणारी यंत्रं सामान्य माणसांनी वापरली की किती जण वाचतात, हे जगाला त्या नोंदींनी पटवून दिलं.

महाराष्ट्राने इलेक्ट्रॉनिक अहवालावर पैसे खर्च करताना एक अट घालावी, असं मी कळकळीने म्हणतो. रुग्णालयाने तीन ओळींचं उत्तर गाडीकडे परत पाठवलं पाहिजे: अंतिम निदान काय, जिवंत आहे का, घरी कधी गेला. ग्रामीण रुग्णालयं आणि १०८, दोन्ही एकाच आरोग्य खात्याच्या छायेत आहेत. इथे हे जमण्यासारखं आहे. आयुष्मान भारत डिजिटल अभियान २०२१ पासून चालू आहे, १४ आकडी आभा क्रमांक कोट्यवधी लोकांकडे आहे. जोडणारा दुवा तयार आहे, तो वापरायची इच्छा हवी.

याच्या उलट एक धोका आहे. अहवालाचा वापर फक्त पाळत ठेवण्यासाठी झाला, तर सगळं बिघडेल. शहरात २० मिनिटं आणि ग्रामीण भागात ३० मिनिटं, असं पोहोचण्याचं उद्दिष्ट अशा सेवांत सर्वसाधारणपणे धरतात. मोबदला आणि दंड जर नोंदीतल्या वेळेवर ठरत असेल, तर ‘पोहोचलो’ हे बटण गावाच्या वेशीवरच दाबलं जाईल. अमेरिकेत अहवाल बिलाशी जोडलेला आहे, त्यामुळे विमा कंपनीला काय पटेल हे डोळ्यांपुढे ठेवून लिहिण्याचं दडपण तिथल्या कर्मचाऱ्यांवर असतं. आपली १०८ रुग्णाकडून पैसे घेत नाही. आपल्या अहवालाचा वाचक डॉक्टरच राहील, ही चैन आपल्याला परवडते. ती गमावू नये.

गोपनीयतेबद्दल थोडंच सांगतो, कारण त्यात वाद नाही. विष घेतलेली मुलगी, मारहाण झालेली बायको, एचआयव्हीबाधित रुग्ण, यांची माहिती टॅबवर असते. तो टॅब गाडीत विसरतो, चोरीला जातो. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे, पण कायद्याआधी साधी शिस्त हवी: पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा, नोंद पुढे गेली की टॅबवरून पुसली जावी, आणि अपघाताचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीही जाऊ नये. इंग्लंडमधल्या त्या हल्ल्याने शिकवलेली शिस्तही त्यात धरावी. प्रत्येक गाडीत कोऱ्या छापील फॉर्मचा गठ्ठा कायम असावा आणि तो कसा भरायचा याची उजळणी अधूनमधून व्हावी.

*

वाचकांशी शेवटचं बोलतो. कितीही चांगला टॅब असला तरी त्यात तुम्ही सांगाल तेच उतरणार आहे. घरातल्या प्रत्येक वयस्कर माणसासाठी एक कागद लिहून दर्शनी जागी ठेवा: नाव, वय, चालू गोळ्या, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, जुने आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, दोन नातेवाइकांचे फोन. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात गळाला, तर माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ घड्याळात बघून लिहून ठेवा. साप चावला तर चावल्याची वेळ सांगा. शेतीचं विषारी औषध पोटात गेलं असेल तर तो डबा किंवा बाटली गाडीत बरोबर द्या, नाव आठवण्याच्या भरवशावर राहू नका. सिव्हिलमध्ये पोहोचल्यावर रडारड, धावपळ असते हे खरं, तरी एक गोष्ट विचारून घ्या: १०८ च्या डॉक्टरांनी वाटेत काय दिलं, ते आतल्या डॉक्टरांनी वाचलं का?